दुखणं सांभाळत ॲजिलिटी: सांगली-साताऱ्यातल्या श्वानपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत सकाळच्या वेळी मैदानावर पाइप मांडून ॲजिलिटीचा, म्हणजे कुत्र्याला अडथळ्यांवरून धावायला शिकवण्याच्या खेळाचा, सराव करणारे आम्ही काही जण आहोत. चौकशीला येणारे बरेच जण पहिल्याच वाक्यात कुत्र्याचं दुखणं सांगतात: ‘खुबा खराब आहे’, ‘मागं गोचीड ताप झाला होता’, ‘फिट येतात’. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, याला पळवायचं का? औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. त्यांना नेमकं काय विचारायचं आणि मैदानावर काय बघायचं, यासाठी हे पान.

ॲजिलिटी म्हणजे काय करायचं असतं?

घोड्यांच्या शो जम्पिंगवरून घेतलेला खेळ आहे हा. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये मधल्या वेळेत लोकांची करमणूक म्हणून तो दाखवला गेला आणि १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांप्रमाणे एका कोर्सवर १५ ते २२ अडथळे असतात: हर्डल (आडव्या बारवरची उडी), बोगदा, १२ वीव्ह पोल्स (ज्यांच्यामधून नागमोडी जायचं असे उभे खांब), ए-फ्रेम (छपरासारख्या दोन उतरत्या फळ्या), सी-सॉ, डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी) वगैरे. बार पडला की ५ फॉल्ट (दंडाचे गुण), अडथळा टाळला की ५, आणि तीनदा टाळला की बाद. धावताना कुत्र्याला हात लावायचा नाही, हातात खाऊ ठेवायचा नाही. तुमचा आवाज आणि तुमच्या अंगाची दिशा, एवढ्यावर त्यानं धावायचं.

तब्येतीच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की प्रत्येक अडथळ्याचा भार वेगळ्या जागी पडतो. हर्डलवरून उतरताना खांदे आणि पुढचे पाय, वीव्ह पोल्समध्ये पाठ आणि खांदे. ए-फ्रेम मधोमध १.७० मीटर उंच असतो. तो चढताना मागचे पाय जोर लावतात आणि उतरताना सगळं वजन पुढं येतं. म्हणून ‘ॲजिलिटी चालेल का?’ असं मोघम विचारू नका. कुठला अडथळा, किती उंचीवर, आठवड्यातून किती वेळा, असं विचारा. डॉक्टरांनी हा खेळ पाहिलेला नसेल तर मोबाइलवर एक धाव दाखवा. त्यांना लगेच अंदाज येतो.

आमच्या लॅब्रॅडॉरला हिप डिस्प्लेसिया आहे. मैदानावर तर तो वेड्यासारखा पळतो. मग दुखत नसेल ना?

दुखत असू शकतं. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खेळाच्या भरात कुत्रं वेदना दाबून टाकतं. चेंडू, खाऊ, मालकाचा आवाज, समोर पळणारी दुसरी कुत्री हे सगळं मिळालं की लंगडणारंही कुत्रं सरळ धावतं. त्यामुळे मैदानावरचा उत्साह हा पुरावा धरायचा नाही. पुरावा असतो दुसऱ्या दिवशी सकाळी. झोपून उठताना मागचे पाय आधी ताणून, मग सावकाश उभं राहतं का? पहिली दहा पावलं आखडल्यासारखी पडतात का? जिना चढताना थबकतं का? लघवीला पाय वर करताना डगमगतं का? पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीनं टाकतं का? रोज फरशीवरून दाराकडं येताना त्याचं दहा सेकंदांचं चित्रण करून ठेवा. दवाखान्यातल्या टेबलावर भीतीनं ताठ झालेल्या कुत्र्यापेक्षा डॉक्टरांना त्या चित्रणातून जास्त कळतं.

हिप डिस्प्लेसियात खुब्याची वाटी उथळ असल्यामुळे मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात घट्ट बसत नाही, आणि सांधा हळूहळू झिजतो. एक्स-रे वाईट दिसूनही मजेत फिरणारी कुत्री असतात, आणि एक्स-रेमध्ये फारसं काही नसून लंगडणारीही. म्हणून नुसता एक्स-रे नको, हातानं तपासणीही हवी. मांडीचे स्नायू भरलेले असले तर सांध्याला आधार मिळतो. त्यामुळे पूर्ण बसवून ठेवणंही चुकीचं. रोज ठरावीक वेळ पट्ट्यावर सावकाश चालणं, हलका चढ चढणं, जमिनीवर ठेवलेल्या पाइपांवरून एकेक पाय उचलत जाणं, हे बहुतेकांना मानवतं. बोगदा आणि जमिनीलगतचे बार डॉक्टरांच्या होकारानंतर. ए-फ्रेम आणि पूर्ण उंचीच्या उड्या मी अशा कुत्र्याला अजिबात करू देत नाही.

मग स्पर्धेत उंची कमी करून मिळते का?

एफसीआयच्या नियमांत उंची ठरते ती कुत्र्याच्या खांद्याच्या मापावर, दुखण्यावर नाही. ४८ सेंटिमीटर आणि त्याहून उंच कुत्र्याला ५५ ते ६० सेंटिमीटरचा बार, ३५ च्या खालच्या कुत्र्याला २५ ते ३०. अमेरिकन केनेल क्लबकडे ‘प्रिफर्ड’ नावाचा वर्ग आहे, त्यात बार चार इंचांनी खाली असतो. आपल्याकडे डॉग शोसोबत होणाऱ्या कार्यक्रमांत काय चालेल, हे आयोजकांना आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कमी उंचीचा वर्ग नसेल आणि कुत्रं अधिकृत उंची विनासायास पार करत नसेल, तर नाव देऊ नका. घरच्या मैदानावर पंधरा सेंटिमीटरचे बार लावून घड्याळ लावता येतं. कुत्र्याला पदकाचं काही नसतं.

डॉक्टर म्हणाले पोहायला न्या. कृष्णेत सोडू का?

नाही. भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत, हे नदीकाठच्या कुणालाही विचारा. शेततळंही नको. त्याच्या प्लास्टिकच्या उतारावर कुत्र्याचे पंजे घसरतात, त्याला वर येता येत नाही आणि दमून ते बुडतं. कमरेइतक्या पाण्याचा हौद, त्यात उतरलेला एक माणूस, कुत्र्याच्या अंगात तरंगायचं जॅकेट आणि बाहेर यायला न घसरणारी फळी एवढं जमत असेल तरच पोहणं. नाहीतर चालणंच बरं.

आमचं पॉम धावता धावता एक पाय उचलतं, चार पावलं तीन पायांवर जातं आणि पुन्हा नीट पळतं. लाडात येतं म्हणून सोडून देतो.

सोडू नका. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते तेव्हा नेमकं हेच दिसतं. वाटी आपोआप परत बसली की कुत्रं काही झालंच नाही असं पळायला लागतं. पॉम, स्पिट्झ, पग अशा छोट्या कुत्र्यांत हे सर्रास असतं. डॉक्टर हातानं तपासून चारपैकी कुठली पायरी आहे ते सांगतात. पहिल्या पायरीत वजन ताब्यात ठेवून, बुटक्या बारांवर हा खेळ बऱ्याचदा चालतो. तिसऱ्या-चौथ्या पायरीत शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, खेळाचा नाही. आणि घरातली गुळगुळीत फरशी! कुत्रं दिवसभर जिथं वावरतं तिथं जुनी सतरंजी अंथरा.

गोचीड तापातून उठलेलं कुत्रं कधी परत मैदानात आणायचं?

आपल्या भागात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. ‘गोचीड ताप’ या एकाच नावाखाली आपण वेगवेगळे आजार धरतो. त्यांतले दोन म्हणजे एर्लिकिया आणि बबेसिया. एर्लिकियामध्ये ताप येतो, खाणं सुटतं, प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. बबेसियामध्ये तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. दोघांची औषधं वेगळी, म्हणून रक्त तपासल्याशिवाय शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी वापरायची नाही. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात. तसं केलं तर जंतू अंगात दबून राहण्याचा धोका असतो.

मैदानात परतायचं ते शेपटीवरून नव्हे, रिपोर्टवरून. कोर्स संपल्यावर पुन्हा रक्त तपासा. प्लेटलेट कमी असताना हर्डलचा बार लागला तर साध्या मुक्या मारानंही आत रक्त साकळतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर चार उड्यांतच धाप लागते आणि हृदयावर ताण येतो. दोन्ही आकडे जागेवर आले की पहिला आठवडा फक्त चालणं, मग बोगदा, मग जमिनीवरचे बार. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली रोज बोटं फिरवा. हे आजार पसरवणारी तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या कोपऱ्यात, कुत्र्याच्या घराच्या फळ्यांत लपते. नुसत्या कुत्र्याला औषध लावून ती जात नाही, जागाही साफ करावी लागते.

फिट येणाऱ्या कुत्र्याला खेळवावं का?

फिट कशामुळे येतात हे आधी तपासून घ्या. ज्याचं कारण सापडत नाही अशा अपस्माराची फिट बहुधा पळताना येत नाही, ती झोपेत किंवा आराम करताना येते. औषध चालू असून बराच काळ फिट नसेल, तर डॉक्टर हलक्या खेळाला परवानगी देतात. माझा नियम असा की अशा कुत्र्याला जमिनीवरचेच अडथळे. डॉगवॉकची फळी १.२० मीटरच्या वर असते, तिथून झटक्यात पडलं तर काय होईल याची कल्पना करा. फिनोबार्बिटोन हे फिटचं औषध सुरू केल्यावर सुरुवातीला कुत्रं झोकांड्या खातं आणि भूक प्रचंड वाढते. तो काळ विश्रांतीचा. गोळीची वेळ चुकवायची नाही, प्रवासात गोळ्या आणि चिठ्ठी आपल्या पिशवीत, डिकीत नाही.

फिट आली तर तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाला लावू नका. डोक्याखालची जागा मऊ करा, इतर कुत्र्यांना दूर न्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली किंवा एकामागून एक आली तर तसंच उचलून दवाखाना गाठा.

गोचिडीसाठी हल्ली ज्या चघळायच्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या आयसोक्साझोलिन गटाच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये इशारा दिला होता की काही कुत्र्यांना त्यांनी झटके येऊ शकतात. फिटचा इतिहास असेल तर गोळी घेण्याआधी सांगा.

लॅब्रॅडॉरवाल्यांसाठी आणखी एक. जोरात पळाल्यावर पाच-दहा मिनिटांत मागचे पाय लुळे पडतात, पण कुत्रं शुद्धीत असतं, तुमच्याकडं बघतं, थोड्या वेळानं उठतं. ही फिट नसते. श्रमानं कोसळण्याचा हा अनुवंशिक आजार लॅब्रॅडॉरमध्ये माहीत असलेला आहे. अशा कुत्र्याला ॲजिलिटीच्या स्पर्धेत उतरवू नये.

स्पर्धेच्या दिवशी दुखण्याची गोळी दिली तर?

देऊ नका. वेदना हाच ब्रेक आहे. तो काढून टाकला की कुत्रं अर्धवट फाटलेल्या लिगामेंटवर उडी मारेल आणि ते पूर्ण फाटेल. वेदनाशामक देऊन स्पर्धेत उतरवणं डोपिंगच्या नियमांतही बसत नाही, आणि एफसीआयच्या नियमांत आजारी किंवा जखमी कुत्र्याला प्रवेशच नाही. संधिवातासाठी डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली असेल तर ती आयुष्य सुसह्य व्हावं म्हणून आहे. तिच्यावर घरचा हलका सराव होऊ शकतो, स्पर्धा नाही. अशा गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी करून घ्या.

माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लॅम घरातून काढून देणं तर अत्यंत धोक्याचं.

हळद दिली तर सांधे सुधारतात का? सांगलीची हळद आहे, घरचीच.

जेवणात चिमूटभर हळदीनं काही बिघडत नाही, पण तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं. गोळीच्या जागी हळद, असं करू नका. कर्क्युमिनच्या कॅप्सूल द्यायच्या असतील तर डॉक्टरांना सांगून, कारण त्यांचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.

त्याहून महत्त्वाचं, बेदाणा! तासगावच्या आसपास घराघरांत बेदाण्याचे डबे असतात आणि सरावात बक्षीस म्हणून मूठभर खिशात टाकायचा मोह होतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखाद्याला चार दाण्यांनी काही होत नाही, तर दुसरं तेवढ्यानंच गंभीर होतं. खाल्ले असतील तर उलटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. मैदानावर बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे चण्याएवढे तुकडे पुरतात. मधुमेही कुत्र्याचा खाऊ आणि इन्शुलिनची वेळ दोन्ही डॉक्टरांशी बसून ठरवा, कारण जास्त पळाल्यावर साखर एकदम उतरू शकते.

आमचं कारवानी आहे. सगळे म्हणतात, बरगड्या दिसतात, आधी खाऊ घाला, मग पळवा.

कारवानी आणि मुधोळ जातीच्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं, कंबर आत गेलेली असणं हे निरोगी लक्षण आहे. आमची कुत्री हरणी तशीच आहे, आणि तिच्या मांडीवर हात ठेवला तर आतला स्नायू दगडासारखा लागतो. पाठीचा कणा टोचत असेल, मांड्या सपाट झाल्या असतील, केस निस्तेज असतील तर ते खरं हडकणं. तेव्हा जंत आणि रक्त तपासा.

या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते. हर्डलच्या टोकानं किंवा बोगद्याच्या तारेनं ती कापडासारखी फाटते, म्हणून पाइपांची टोकं टोपणानं बंद हवीत. कापलेल्या ड्रमचा बोगदा करू नका. शस्त्रक्रियेची वेळ आली तर ‘साइटहाउंड जातीचं आहे’ हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीनं सांगा, कारण भुलीच्या काही औषधांतून ही कुत्री फार उशिरा बाहेर येतात. शिवाय ती डोळ्यांनी शिकार करणारी आहेत. उसाच्या कडेला ससा दिसला की कोर्स संपला. कुंपण नसलेल्या रानात पट्टा सोडू नका.

जाड कुत्र्याला पळवून बारीक करता येईल?

उलट क्रम लावा. आधी वजन उतरवा, मग उड्या. हलकं बोट फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. पोळी, बिस्किटं, दूध-भात आणि घरात प्रत्येकानं आपापल्या ताटातून दिलेला घास, वजन इथंच वाढतं. आजोबांना समजावणं हे घरातलं सगळ्यात अवघड काम असतं, पण ते करा. खाणं कमी करूनही वजन हलत नसेल आणि कुत्रं सुस्त असेल तर थायरॉइड तपासा.

उन्हाळ्यात सराव बंद ठेवायचा का?

मार्च ते मे आम्ही सूर्य वर यायच्या आत संपवतो, आणि पग, बॉक्सर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेवढंही नाही. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याच्या पंजाच्या गाद्या भाजणार. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या पुढं गेलं की धोका. जीभ रुंद आणि गडद लाल होणं, लाळ चिकट होणं, झोकांड्या जाणं दिसलं की तिथंच अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला, मग गाडीत घाला. ओला टॉवेल अंगाला गुंडाळून ठेवू नका, त्यानं उष्णता आतच राहते. हृदयाचं दुखणं असलेल्या कुत्र्यासाठी उन्हाळा म्हणजे सुट्टी.

पावसाळ्यात आणि त्यानंतर कशाची काळजी घ्यायची?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत चिखल आणि साचलेलं पाणी किती दिवस राहतं ते सगळ्यांनी पाहिलं. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पसरतो, आणि तो माणसालाही होतो. लेप्टोची लस वेळेवर घ्या आणि डबक्यात उड्या मारू देऊ नका. काळी माती ओली असताना घसरते आणि उन्हाळ्यात तिला पंजा अडकेल एवढ्या भेगा पडतात. लंगडणाऱ्या कुत्र्याला दोन्ही नको. बारीक मुरमावर गवत असलेली जागा शोधा.

साताऱ्याकडच्या मंडळींसाठी: दिवाळीच्या सुमारास डोंगरउतारांवर कुसळी गवत वाळतं. कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं आणि उलट्या काट्यांमुळे पुढंच सरकत राहतं. आधी कुत्रं पंजा चाटतं, मग तिथं छोटा फोड येतो, आणि आपण सांध्याचं दुखणं समजून बसतो. अचानक लंगडायला लागलेल्या कुत्र्याच्या चारही पंज्यांत टॉर्च मारून बघा. मान एका बाजूला कलती करून कान झटकत असेल तर कुसळ कानात असू शकतं. तेलाचे थेंब टाकत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

किती वयापासून किती वयापर्यंत?

एफसीआयमध्ये १८ महिन्यांच्या आत स्पर्धा नाही. हाडांच्या वाढीची टोकं मोठ्या जातींत उशिरा भरतात. तोवर उड्या आणि वीव्ह पोल्सचा सराव नको, बोगदा आणि जमिनीवरचे खेळ चालतील. म्हातारपणाला ठरावीक आकडा नाही. बार पाडायला लागणं, उडीच्या आधी एक पाऊल जास्त टाकणं, ए-फ्रेमला बगल देणं दिसलं की आधी तपासणी करा. ‘आळशी झालं’ असं म्हणू नका.

बहिऱ्या कुत्र्याला जमेल?

जमतं, आणि छान जमतं. सगळ्या खुणा हातानं द्यायच्या. दिसत नसलेल्या कुत्र्याला मात्र उड्या नकोत, वास शोधण्याचे खेळ द्या.

‘आजारी जनावराला कशाला छळता?’ असं घरचे म्हणतात.

त्यांचं ऐका, आणि मग कुत्र्याकडं बघा. पाइपांची पिशवी उचलली की ते दाराशी येतं का? दुसऱ्या दिवशी मोकळं चालतं का? दोन्हीला हो असेल तर छळ नाही. गोचीड तापानंतर कोपऱ्यात पडून राहिलेली कुत्री, रोज पाच मिनिटं नाक लावून बोगदा ओलांडायला लागल्यावर पुन्हा घरभर फिरायला लागलेली मी पाहिली आहेत. पण दुसऱ्या प्रश्नाला नाही असेल, तर पहिलं उत्तर कितीही आनंदाचं असो, त्या दिवशी पाइप मांडायचे नाहीत.

गुंतागुंतीचं दुखणं असेल तर या भागात कुठं न्यायचं?

आधी नेहमीचे डॉक्टर. ते पुढं पाठवतील. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पुण्याच्या वाटेवर, खंबाटकी ओलांडल्यावर. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, जुने एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि सकाळच्या चालीची ती चित्रणं सोबत न्या.

स्पर्धेला निघताना काय काय लागतं?

रेबीज आणि इतर लसींचं कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी, घरचं पाणी (नवीन जागी कुत्री पाणी पीत नाहीत), अंथरूण, सावलीसाठी चादर. सांगलीहून पुण्याकडं जाणार असाल तर आदल्या दिवशी पोचा. घाटात उलट्या झालेलं कुत्रं त्याच दिवशी पळवायचं नसतं. निघण्याआधी जेवण हलकं द्या, वाटेत दर दोनेक तासांनी उतरवून चालवा. धावण्याआधी दहा मिनिटं चालणं आणि सावकाश दुडकी, धावल्यावर पुन्हा तेवढंच. मादी माजावर असेल तर नियम आधी विचारा. गाभण किंवा पिलांना पाजणारी असेल तर नेऊच नका. तिथं पोचल्यावर चाल जरा जरी वेगळी वाटली तर नोंदणीच्या टेबलावर जाऊन नाव मागं घ्या. प्रवेशशुल्क परत मिळेल का, हे निघण्याआधीच विचारून ठेवा, म्हणजे त्या क्षणी पैशाचा विचार मध्ये येत नाही.